श्रोत्यांचे प्रश्न: गाणी कपाटात, सूत्रं हातात

घरातला संगीतसंग्रह फोनवरून कसा चालवावा, याबद्दलचे प्रश्न या अंकासाठी एकत्र घेतले आहेत. सगळे प्रश्न नाशिक आणि परिसरातल्या वाचकांचे आहेत. आधी एक खुलासा करतो, कारण पुढची निम्मी उत्तरं त्यावर उभी आहेत. या व्यवस्थेत तीन कामं असतात: गाणी सांभाळणं, गाणी वाजवणं आणि काय वाजवायचं ते सांगणं. फोनकडे फक्त तिसरं काम द्यायचं. पहिली दोन त्याच्या गळ्यात पडली की तक्रारी सुरू होतात.

प्रश्न: जवळपास ९०० सीडी मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आहेत, सगळ्या वेव्ह फाइली. दिवाणखान्यात जुना ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आहेत. सध्या थोडी थोडी गाणी फोनमध्ये भरतो आणि ब्लूटूथच्या छोट्या रिसीव्हरने वाजवतो. कुणाचा फोन आला की गाणं थांबतं आणि स्वयंपाकघरात गेलो की तुटतं. झोपाळ्यावर बसून सगळा संग्रह चाळता यावा, हवं ते लावता यावं, यासाठी काय काय घ्यावं लागेल? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: ब्लूटूथमध्ये आवाज फोनमधून वाहतो, म्हणून फोनच्या प्रत्येक हालचालीचा त्याला त्रास होतो. शिवाय सीडीवरचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथची सर्वसाधारण एसबीसी पद्धत तो फार तर ३२८ किलोबिटांच्या आसपास आवळून पाठवते. आपण ९०० सीडी कष्टाने उतरवल्या आहेत, त्यांना ही वाट देऊ नका.

घ्यायच्या वस्तू अशा. २ जीबीचा रास्पबेरी पाय ४ (तळहातावर मावणारा संगणक, पुढे नुसता ‘पाय’), त्याचा स्वतःचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडॉप्टर, १६ किंवा ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, यूएसबीला लागणारा एक बरा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी), त्यातून ॲम्प्लिफायरला जाणारी आरसीए वायर, आणि १ टीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क). पायवर ३.५ मिमीची खाच असते, पण तिचा आवाज चांगल्या स्पीकरला शोभत नाही. पाय ५ वर तर ती खाचच नाही. ॲडॉप्टरमध्ये काटकसर करू नका. मोबाइलचा पडून असलेला चार्जर लावला की भार वाढताच व्होल्टेज खाली येतं, डिस्क मध्येच गायब होते आणि दोष कार्डाला दिला जातो. पाय ४ च्या चारही यूएसबी खाचांना मिळून १.२ अँपिअरच वीज मिळते. त्यामुळे फिरत्या तबकडीची जुनी पोर्टेबल डिस्क लावायची असेल, तर तिला स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब द्या.

वेव्ह फाइली आधी फ्लॅकमध्ये बदला. फूबार२००० किंवा एफआरई-एसी यांपैकी कुठलाही मोफत प्रोग्रॅम हे काम रात्रभरात करेल. फ्लॅकमध्ये आवाजातला एक कणही जात नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. ९०० सीडी तीनशे ते साडेतीनशे जीबीत मावतील. पण जागेपेक्षा मोठं कारण वेगळं आहे: वेव्हमध्ये गायक, राग, अल्बम ही माहिती भरवशाने साठवता येत नाही, आणि माहितीशिवाय फोनवर नुसत्या ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’ अशा रांगा दिसतील.

आता मांडणी. लॅपटॉपवर पायकोअरप्लेअर या पायला प्लेअर बनवणाऱ्या मोफत प्रणालीची इमेज (तयार प्रत) उतरवून ती रास्पबेरी पाय इमेजरने कार्डावर लिहा. पहिल्या वेळी पायला नेटवर्कची केबल लावूनच सुरू करा. वायफायची भानगड नंतर. राउटरच्या पानावर पायला मिळालेला पत्ता बघा, समजा १९२.१६८.१.२०, आणि तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. पायकोअरप्लेअरचं पान उघडेल. त्यात सर्वांत आधी मेन पेजवरचं ‘रिसाइज एफएस’ करून कार्डावरची जागा वाढवा. हे विसरलं की पुढे सर्व्हर बसवताना जागा अपुरी पडते आणि लोक अडकतात ते इथेच. मग ‘स्क्वीझलाइट सेटिंग्ज’मध्ये आवाजाची वाट म्हणून यूएसबी डॅक निवडा आणि जतन करा. त्यानंतर सर्व्हरच्या पानावर जाऊन लिरियन म्युझिक सर्व्हर हा गाणी सांभाळणारा प्रोग्रॅम बसवा, गाणी भरलेली एसएसडी जोडून घ्या आणि सर्व्हर सुरू करा. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर त्याच पानावरून जादा फाइल-सिस्टिमचं पॅकेजही आधी बसवावं लागतं, नाहीतर डिस्क दिसतच नाही. शेवटी १९२.१६८.१.२०:९००० हा पत्ता उघडून गाण्यांचं फोल्डर दाखवा आणि पहिलं स्कॅन पूर्ण होऊ द्या.

लिरियन हे नाव नवीन आहे, सर्व्हर जुना. स्लिम डिव्हायसेस या कंपनीच्या स्क्वीझबॉक्स यंत्रांसाठी तो लिहिला गेला, २००६ साली लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ साली यंत्रं बंद झाली. सर्व्हरचा कोड मात्र खुला होता, म्हणून वापरणाऱ्यांनीच तो जिवंत ठेवला आणि २०२४ पासून तो लिरियन म्हणून ओळखला जातो. वर्गणी नाही, कुठे खातं उघडायला नको, इंटरनेट बंद असलं तरी घरातली गाणी चालू. म्हणूनच आम्ही तो सुचवतो.

फोनवर अँड्रॉइड असेल तर स्क्वीझर हे ॲप, आयफोन असेल तर आयपेंग. किंवा सर्व्हरच्या प्लगइन्समधून मटेरियल स्किन हे सर्व्हर हाताळायचं पान बसवा आणि ते पान फोनच्या ब्राउझरमधून होम स्क्रीनवर ठेवा. आमची पसंती मटेरियलला आहे, कारण घरात कुणाच्याही हातात कुठलाही फोन असो, सगळ्यांना तेच पान दिसतं.

शेवटचं एक: डॅकची वायर ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ खाचेत लावा. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेली खाच रिकामी दिसते, पण ती तबकडीच्या सुईसाठी असते. तिथे आवाज कित्येक पटींनी वाढवला जातो आणि खर्ज मुद्दाम फुगवला जातो, त्यामुळे गाणं फाटून ऐकू येतं.

प्रश्न: माझ्याकडे वायफायवर चालणारा स्पीकर आहे आणि गाणी घरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर) आहेत. फोनवर बबलयूपीएनपी हे ॲप वापरतो. अल्बम लावून फोन खिशात टाकला की एखादं-दुसरं गाणं वाजतं आणि मग शांतता. फोन उघडला की पुढचं लगेच सुरू होतं. — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: आपल्या स्पीकरला पुढचं गाणं कुठलं, हे माहीतच नसतं. यूपीएनपीच्या (घरातल्या यंत्रांनी एकमेकांना गाणी देण्याघेण्याच्या) साध्या पद्धतीत गाण्यांची रांग फोनमध्ये राहते. स्पीकर एक गाणं संपवतो, फोनला कळवतो, फोन पुढच्या गाण्याचा पत्ता देतो. स्क्रीन बंद झाल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने ॲपला झोपवलेलं असतं, त्यामुळे स्पीकरच्या निरोपाला उत्तर जात नाही.

तात्पुरता इलाज म्हणजे फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडणं. काही कंपन्यांच्या फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगीही वेगळी द्यावी लागते. खरा इलाज म्हणजे रांग फोनमधून काढून वाजवणाऱ्या यंत्रात नेणं. ओपनहोम ही यूपीएनपीवरचीच पुढची पद्धत नेमकी हे करते. आपला स्पीकर ओपनहोम जाणत नसेल, तर घरात कायम चालू असलेल्या यंत्रावर, नॅसवर चाललं तर उत्तमच, बबलयूपीएनपी सर्व्हर बसवा. त्यातून स्पीकरसाठी ओपनहोम रेंडरर (वाजवणाऱ्या यंत्राची नोंद) तयार करता येतो. मग फोनवर जुन्या नावाऐवजी तो नवा रेंडरर निवडायचा. लिरियन आणि एमपीडी (गाणी वाजवणारा असाच एक प्रोग्रॅम) या दोन्हींत रांग मुळातच यंत्राकडे असते. फोन बंद करून ठेवला तरी अल्बम शेवटपर्यंत वाजतो.

प्रश्न: सर्व्हर व्यवस्थित चालतो, पण फोनवरच्या ॲपला तो कधी सापडतो, कधी सापडत नाही. घरात दोन वायफाय दिसतात. एक फायबरवाल्यांनी दिलेल्या डब्याचं, दुसरं आम्ही वरच्या मजल्यासाठी घेतलेल्या राउटरचं. — एक वाचक, सिडको

उत्तर: फोन खालच्या वायफायवर असतो तेव्हा सापडतो आणि वरच्या वायफायवर गेला की हरवतो, असं होतंय का ते बघा. फायबरच्या डब्यातून निघालेली केबल दुसऱ्या राउटरच्या ‘वॅन’ (इंटरनेटच्या) खाचेत लावली की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. एकाचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, दुसऱ्याचे बहुधा १९२.१६८.० ने. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून काही बिघडलंय असं वाटत नाही. पण ॲप सर्व्हरला शोधतं ते नेटवर्कमध्ये हाक मारून, आणि ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही.

वरच्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला खालच्या नेटवर्कमधला रिकामा पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.२, आणि केबल ‘वॅन’मधून काढून ‘लॅन’ (घरातल्या नेटवर्कच्या) खाचेत लावा. हा क्रम पाळा. केबल आधी हलवली तर दोन यंत्रं एकाच वेळी पत्ते वाटू लागतात आणि घरातलं सगळंच नेट गोंधळतं. दोन्ही वायफायना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला की फोन जिन्यात आपोआप बदली करून घेतो.

त्यानंतर खालच्या डब्यात सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो दर खेपेला बदलणार नाही, आणि ॲपमध्ये तो हाताने भरा. एक झटपट परीक्षा सांगतो: फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि :९००० टाका. पान उघडलं तर दोष ॲपचा, नाही उघडलं तर नेटवर्कचा. ॲपचा असेल तर आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी तपासा. आयओएस १४ पासून ती प्रत्येक ॲपला स्वतंत्र द्यावी लागते आणि पहिल्यांदा घाईत ‘नाही’ दाबलेलं असतं. नेटवर्कचा असेल तर फोनवर व्हीपीएन (इंटरनेटवरून दुसऱ्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) चालू आहे का आणि फोन ‘गेस्ट’ वायफायवर आहे का, हे बघा. गेस्ट वायफायचं कामच घरातली यंत्रं पाहुण्यांपासून लपवण्याचं आहे.

प्रश्न: आमचा जुना वाडा आहे. राउटर ओसरीवर, स्पीकर माजघरात. मधली भिंत दोन फुटांची. सर्व्हर ओसरीवरच राउटरशेजारी आहे, वाजवणारा पाय माजघरात वायफायवर. गाणं दर दोन-चार मिनिटांनी अडखळतं. जास्त वेगाचं इंटरनेट घ्यावं का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर: नको. गाणी घरातल्या घरात फिरत आहेत, इंटरनेटच्या वेगाचा त्यांच्याशी संबंध नाही. फ्लॅक फाइलला सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास लागतो, कुठलंही वायफाय तेवढं देतं. आपल्याकडे वेग कमी नाही, जोडणी मध्येमध्ये तुटते आहे. दगड-विटा-मातीच्या जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्झच्या लहरी फार लवकर विरतात, आणि पावसाळ्यात भिंतीने ओल धरली की आणखी.

माजघरातल्या पायसाठी २.४ गिगाहर्ट्झ वापरा. राउटरमध्ये त्याचं चॅनल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी एक करा. मधले आकडे शेजाऱ्यांच्या दोन-दोन चॅनलांवर पाय देतात. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा मीटरच्या पेटीजवळ असेल तर हलवा. यानेही भागलं नाही तर केबल टाका, आणि खरं सांगायचं तर वाड्यात आधी केबलचाच विचार करावा. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, वाड्यात पंधरा-वीस मीटर पुरेल. भिंत फोडायची गरज नाही, दाराच्या चौकटीच्या वरून पट्टीत बसवून नेता येते. विजेच्या तारांतून नेटवर्क नेणारे ॲडॉप्टर मात्र जुन्या वायरिंगवर घेऊ नका. एक खोली इन्व्हर्टरवर आणि दुसरी थेट मेनवर असेल, तर ते एकमेकांना दिसतीलच असं नाही.

केबल फक्त वाजवणाऱ्या पायला हवी. फोन वायफायवरच राहू द्या. त्याची जोडणी क्षणभर तुटली तर फार तर आपला हुकूम उशिरा पोचेल, गाणं थांबणार नाही.

प्रश्न: संग्रह बहुतेक शास्त्रीय आहे. फोनवर गायकांची यादी उघडली की एकच गायक चार ठिकाणी दिसतो. रागाप्रमाणे शोधायची सोय तर कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही. — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: ॲप बदलून उपयोग नाही. ॲप फाइलमधल्या टॅगांत (गायक, अल्बम अशा नोंदींत) लिहिलेलं तेवढं दाखवतं, आणि हे टॅग ज्यांनी ठरवले त्यांच्या डोळ्यांपुढे गायक, अल्बम आणि तीन मिनिटांचं गाणं होतं. आपल्याला त्यात राग, ताल आणि लय बसवायची आहे. थोडा वेळ घालवला तर ते छान बसतं, आणि या एका कामाने संग्रह जितका जवळ येतो तितका कुठल्याही महागड्या यंत्राने येत नाही.

सुरुवात नावांपासून. नाशिकशी जवळचं नातं असलेलं उदाहरण घेऊ. विष्णु दिगंबर पलुस्करांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर. एका सीडीवर ‘डी. व्ही. पलुस्कर’, दुसरीवर ‘पं. डी. व्ही. पलुस्कर’, तिसरीवर ‘द. वि. पलुस्कर’, चौथीवर इंग्रजीत. सर्व्हरच्या लेखी ही चार माणसं. एक रूप ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. ‘पंडित’, ‘उस्ताद’, ‘विदुषी’ ही बिरुदं नावाआधी लिहायची असतील तर अवश्य लिहा, पण ‘आर्टिस्ट सॉर्ट’ या टॅगमध्ये आडनाव आधी ठेवा. नाहीतर अख्खी यादी ‘पं’ खाली साचते.

देवनागरीत लिहिणार असाल तर आणखी एक अदृश्य अडचण आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टाइप होतं: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ला वरून चंद्र जोडून. ‘ऱ्य’चंही तसंच. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. म्हणून एकाच कळफलकावरून सगळे टॅग भरा आणि नाव दर वेळी नव्याने टाइप न करता तयार यादीतून चिकटवा. काही जुन्या फाइलींत टॅगच्या जागी चित्रविचित्र रोमन अक्षरं दिसतात. ती युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये लिहिलेली असतात. मोजकी असतील तर सरळ नव्याने लिहिणंच सोपं.

आता टॅगांची वाटणी. ‘आर्टिस्ट’ आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ दोन्हींत मुख्य गायक किंवा वादक. ‘अल्बम आर्टिस्ट’ रिकामा राहिला तर जुगलबंदीचा किंवा संमेलनाचा अल्बम फोनवर तुकड्यातुकड्यांत दिसतो. तबला, हार्मोनियम, सारंगीची साथ ‘कॉमेंट’मध्ये लिहा. साथीदारांना ‘आर्टिस्ट’मध्ये घातलं तर गायकांच्या यादीची लांबी तिप्पट होते. ‘टायटल’मध्ये आधी राग, मग लय आणि ताल, मग बंदिशीचा मुखडा. फोनच्या अरुंद पडद्यावर सुरुवातीची वीस-बावीस अक्षरंच दिसतात, म्हणून राग पुढे हवा.

रागाची यादी मिळवण्यासाठी ‘जॉनर’ (संगीताचा प्रकार) टॅग वापरा. त्यात नुसतं ‘शास्त्रीय’ न लिहिता ‘शास्त्रीय; राग यमन; सायंकाळ’ असं अर्धविरामाने तोडून लिहा. लिरियनच्या सेटिंग्जमध्ये एका टॅगमधल्या अनेक नोंदी कुठल्या चिन्हाने वेगळ्या करायच्या ते भरायची जागा असते, तिथे अर्धविराम द्या आणि ‘संग्रह पुसून पुन्हा स्कॅन’ करा. नुसत्या नव्या फाइलींच्या स्कॅनने जुन्या नोंदी बदलत नाहीत. आता जॉनरची यादी उघडली की ‘राग’ या शब्दाखाली भैरवपासून मालकंसापर्यंत सगळे राग ओळीने उभे राहतात. सकाळी तोडी, तिन्हीसांजेला मारवा, रात्री बागेश्री ऐकणाऱ्यांना प्रहराची नोंद फार उपयोगी पडते. ही युक्ती कुठल्याही ॲपमध्ये चालते, कारण जॉनर सगळ्यांनाच कळतो.

प्रत्यक्ष भरण्यासाठी विंडोजवर एमपी३टॅग वापरा. नाव एमपी३चं असलं तरी फ्लॅकवरही तो उत्तम चालतो. अल्बमच्या सगळ्या फाइली एकदम निवडून समान टॅग एकाच वेळी भरता येतात. फाइलींची नावं नीट असतील तर ‘कन्व्हर्ट’मधल्या ‘फाइलनेम – टॅग’ने नावातून टॅग आपोआप तयार होतात. आधी वीस अल्बमांवर करून बघा, ते फोनवर कसे दिसतात ते पाहा, आणि पद्धत पटली की मगच पुढे जा. दोनशे अल्बम झाल्यावर पद्धत बदलणं फार जिवावर येतं. ७८च्या तबकड्यांवरून आलेल्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणांसाठी ‘इयर’मध्ये मूळ ध्वनिमुद्रणाचं साल खात्रीने माहीत असेल तरच लिहा. सीडी निघाल्याचं साल तिथे टाकलं तर १९५५ साली निवर्तलेल्या गायकाचं गाणं १९९० च्या दशकात दिसू लागतं.

प्रश्न: विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये बारीक खंड पडतो. सीडीवर तो नव्हता. — एक वाचिका, कॉलेज रोड

उत्तर: फाइली एमपी३ असणार. एमपी३ आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे करते, एक तुकडा १,१५२ नमुन्यांचा, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा. गाणं या मापात बसवण्यासाठी पुढे-मागे थोडी शांतता भरली जाते. ती किती, याची नोंद फाइलमध्ये असेल आणि वाजवणाऱ्याने ती वाचली तरच खंड बुजतो. सीडी हाताशी असेल तर त्या अल्बमपुरती फ्लॅकमध्ये पुन्हा उतरवा, हा दोष मुळातच राहत नाही. ‘क्रॉसफेड’ चालू असेल तर बंद करा, तो समेवरच आवाज विरघळवतो. आणि ‘शफल’ वापरत असाल तर गाण्यांऐवजी अल्बमांचं शफल निवडा. लिरियनमध्ये ती सोय आहे. नाहीतर एका रागाचं विलंबित आणि दुसऱ्याच रागाचं द्रुत पाठोपाठ येतं.

प्रश्न: आमच्याकडे वीज वरचेवर जाते. वर्षभरात दोन कार्डं खराब झाली. — एक वाचक, सातपूर

उत्तर: कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली की ते बिघडतं. पायकोअरप्लेअरची रचना याच कारणासाठी चांगली. सुरू होताना तो स्वतःला मेमरीत उचलून घेतो आणि कार्डाला एरवी हात लावत नाही. मात्र गाण्यांचा सर्व्हर त्याच पायवर असेल तर त्याची नोंदवही सतत लिहिली जाते, म्हणून स्कॅन चालू असताना वीज जाणं वाईटच. स्कॅन वीज टिकण्याची खात्री असेल तेव्हाच करा आणि रात्री पाय फोनवरून रीतसर बंद करा.

राउटर आणि पाय एकाच इन्व्हर्टरच्या बोर्डवर घ्या. राउटर वेगळ्या जोडणीवर असला तर वीज आल्यावर पाय आधी जागा होतो, नेटवर्क दोन-तीन मिनिटांनी येतं आणि तोवर वाजवणारा हिरमुसून बसलेला असतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस बरे पडतात, पण पायला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारी वेगळी खाच त्यावर आहे का ते आधी वाचा. आणि संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवा. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाची एमडी५ खूण साठवलेली असते, तिच्याशी ताडून प्रत शाबूत आहे का हे कधीही तपासता येतं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, तपासून घ्यावं.

प्रश्न: फोनवरून आवाज कमी-जास्त करताना एकदा चुकून तो एकदम पूर्ण झाला. घरातली सगळी दचकली, स्पीकरलाही धोका वाटला. — एक वाचिका, देवळाली कॅम्प

उत्तर: धोका खरा आहे. ॲम्प्लिफायरचं आवाजाचं बटण शून्यावर आणा, मग फोनवरची पट्टी शंभरावर नेऊन ठेवा आणि ते बटण हळूहळू फिरवत आपल्याला सहन होईल अशा कमाल आवाजावर आणा. बटणावर खूण करा आणि ते तिथेच राहू द्या. यापुढे फोनवर कितीही चूक झाली तरी आवाज त्या मर्यादेबाहेर जाणार नाही. फोनवर आवाज कमी केल्याने दर्जा घटतो, असं वाचनात आलं असेल. दर ६ डेसिबलला साधारण एक बिट जातो हे खरं, पण सीडी १६ बिटची आणि आजचे डॅक २४ बिटचे, त्यामुळे नेहमीच्या वापरात भरपूर पदर शिल्लक राहतो. फोन खिशात असताना पट्टीला धक्का लागू नये म्हणून स्क्रीन बंद करण्याची सवय ठेवा.

प्रश्न: स्वयंपाकघरातही तेच गाणं, त्याच वेळी लावता येईल का? — एक वाचिका, कॉलेज रोड

उत्तर: येईल. तिथे रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू आणि छोटा यूएसबी डॅक ठेवा, त्यावरही पायकोअरप्लेअर घाला, पण सर्व्हर पुन्हा बसवू नका. एका घरात एकच सर्व्हर. मग ॲपमध्ये दोन्ही प्लेअर ‘सिंक’ करा. स्वयंपाकघरात ब्लूटूथ स्पीकर जोडलात तर तो मागे पडेल आणि दारात उभं राहिल्यावर घुमल्यासारखं वाटेल. प्लेअरच्या सेटिंग्जमध्ये विलंबाचे मिलिसेकंद भरून ते जुळवता येतं, पण वायरचा स्पीकर असेल तर ही खटपटच नको.

प्रश्न: पुण्यात असताना घरची गाणी ऐकता यावीत म्हणून राउटरमध्ये ९००० नंबरचं पोर्ट उघडायला कुणी सांगितलं. उघडू का? — एक वाचक, अंबड

उत्तर: उघडू नका. लिरियनला सुरुवातीला पासवर्ड नसतो आणि तो घरातल्या विश्वासू नेटवर्कसाठीच लिहिलेला आहे. पोर्ट उघडलं की कुणीही आत येऊन सेटिंग्ज बदलू शकतं. शिवाय बऱ्याच फायबर जोडण्यांत घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही पोचत नाही. टेलस्केल किंवा वायरगार्ड यांसारखं व्हीपीएन घरच्या यंत्रावर आणि फोनवर बसवा. टेलस्केल अशा सामायिक पत्त्याच्या जोडणीवरही चालतं. मात्र इथे एक फरक लक्षात घ्या: पुण्यात आवाज फोनमधूनच वाजणार, म्हणजे फोन नुसता सांगणारा न राहता वाजवणाराही होणार. त्यासाठी सर्व्हरकडून एमपी३ स्वरूपातला प्रवाह मागवा, मोबाइल डेटावर फ्लॅक परवडत नाही.

प्रश्न: आईवडील सत्तरीपलीकडचे आहेत. त्यांच्यासाठी एक जुना अँड्रॉइड फोन फक्त गाण्यांचा रिमोट म्हणून ठेवायचा आहे. — एक वाचक, सिन्नर

उत्तर: फोन फार जुना असेल तर मटेरियलचं पान त्याच्या ब्राउझरमध्ये नीट उघडत नाही, तेव्हा आधी स्क्वीझर लावून बघा. सिम काढा, सगळ्या सूचना बंद करा, अक्षरं मोठी करा, स्क्रीन बंद होण्याची वेळ दहा मिनिटांवर न्या. अँड्रॉइड ५ पासून एक ॲप पडद्यावर ‘पिन’ करण्याची सोय आहे, ती चालू केली की चुकून दुसरीकडे जाणं होत नाही. फोन दिवसरात्र चार्जरला लावून ठेवू नका. सतत शंभर टक्के भरलेली जुनी बॅटरी उन्हाळ्यात फुगते. रोज तासभर चार्ज करणारा टायमरचा सॉकेट लावा, आणि मागचं झाकण उचललेलं दिसलं तर तो फोन त्याच दिवशी बाजूला काढा.

‘फेव्हरिट्स’मध्ये दहाच्या वर नोंदी ठेवू नका. सकाळची भक्तिगीतं, नाट्यपदं, आईचे आवडते राग, वडिलांची भावगीतं, अशा ठळक मराठी नावांच्या याद्या करा. संपूर्ण संग्रहात शिरण्याची वाट त्यांच्यासाठी लागतच नाही. आणि ॲम्प्लिफायरचं आवाजाचं बटण त्यांच्या हाताला लागेल अशा उंचीवर असू द्या. आवाज कमी करायला हात आधी तिकडेच जातो.